पिशवीचं दुखणं आणि उचलीचा हिशोब

ताई, तुमचा प्रश्न असा होता की एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) फील्डवर्कला तुम्ही बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या एका गावात गेलात, तिथे तिशी-पस्तिशीतल्या कितीतरी बायकांनी सहज सांगितलं की आमची पिशवी, म्हणजे गर्भपिशवी, काढलीये, आणि तुम्हाला वाटलं की हे अज्ञान आहे, तर याच्यावर जनजागृतीचा प्रोजेक्ट घ्यावा का. मी इथल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून काम केलंय, ओपीडीत याच बायका बघितल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जनजागृतीला माझा विरोध नाहीये. पण या बायकांना काही कळत नाही असं धरून जर सुरुवात केली तर पहिल्याच दिवशी त्या तुमच्याशी बोलणं बंद करतील, कारण त्यांनी जो निर्णय घेतला तो पूर्ण हिशोब करून घेतलेला असतो. तो हिशोब आपल्याला वाचता आला पाहिजे.

आधी आकडे. २०१९ साली हा विषय पेपरात गाजला तेव्हा सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, त्यात जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांचा सर्व्हे झाला आणि १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात सतरा. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीन टक्क्यांच्या थोडंसं वर आहे. दोन्ही सर्व्हेतले वयोगट आणि पद्धत वेगळी आहे त्यामुळे थेट भागाकार करू नका, पण फरक इतका मोठा आहे की तो नुसत्या पद्धतीतून येत नाही. त्याच वर्षी सरकारने विधान परिषदेत सांगितलं की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी हॉस्पिटलांत अशी ४,६०५ ऑपरेशनं झाली.

आता या बायकांच्या शरीरात वेगळं काहीतरी आहे का? नाही. हवापाण्यात दोष आहे का? तोही नाही, निदान सरळ अर्थाने नाही. उत्तर शोधायला दवाखान्यातून बाहेर पडावं लागतं.

बीड पर्जन्यछायेत येतं. डोंगरपट्ट्यातली जमीन हलकी, मुरमाड, पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा, खरीप झाला की रब्बीला विहिरीत पाणी उरेलच असं नाही. गावात दिवाळीनंतर काम नाही, एमआयडीसी म्हणावी तशी नाही. आणि तिकडे कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात धरणाचं पाणी, त्या पाण्यावर ऊस, त्या उसावर कारखाने, आणि त्या कारखान्यांना वर्षातले चार-पाच महिनेच लागणारे लाखो हात. १९७२ च्या दुष्काळानंतर हे जाणं-येणं फार वाढलं आणि मग ते थांबलंच नाही. आज कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, शिवाय कर्नाटकातलं बेळगाव, बागलकोट इकडे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या जातात. जाणाऱ्यांत वंजारी, बंजारा, दलित कुटुंबं मोठ्या संख्येने, आणि आता कोरडवाहू मराठा शेतकरीसुद्धा आहेत. एकाच राज्यात पाणी कुठे साठवलं गेलं आणि कुठे नाही, यावरून कोणाच्या कमरेचं काय होणार हे ठरतंय, हे मी अतिशय जबाबदारीने लिहितोय.

आता उचल. पावसाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, घरात पैसा नसतो आणि खर्च सगळे तेव्हाच असतात, बियाणं, शाळा, लग्नाचं राहिलेलं देणं, दवाखाना. तेव्हा मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल देतो, म्हणजे हंगामाच्या मजुरीतून फेडायचे आगाऊ पैसे. ती एका माणसाला मिळत नाही, कोयत्याला मिळते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटी बाई किंवा एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हे नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर आहे.

समजा एका कोयत्याने १ लाख रुपये उचल घेतली. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, त्यानंतर टनाला साधारण ३६६ रुपये पडतात. १ लाख फेडायला २७३ टन ऊस तोडायला लागतो. दोघांनी मिळून रोज अडीच टन धरला तर ११० दिवस झाले, तेही एकही दिवस न चुकता, आणि तोवर हातात नवा पैसा जवळजवळ काहीच नाही, खायला मुकादमाकडून मिळणारी खर्ची आणि उसाचे वाढे, म्हणजे चाऱ्याला जाणारे शेंडे, विकून येणारे चार पैसे. पाऊस कमी झाला की ऊस कमी, मग हंगाम तीन महिन्यांतच आटपतो आणि राहिलेली बाकी पुढच्या वर्षावर जाते.

यात बाई एक दिवस आजारी पडली तर काय होतं बघा. ती झोपली की नवऱ्याचंही काम थांबतं कारण एकजण तोडणार आणि दुसरा साळणार (पाला काढणार), मोळी बांधणार, उचलून देणार. अडीच टनाचे नऊशे रुपये गेले. वरून खाडा, म्हणजे दंड, तो पाचशेपासून हजारापर्यंत लावतात. दवाखाना लांब, जायला गाडी करावी लागते, तपासणी फी, गोळ्या. एका दिवसाच्या आजारपणाची किंमत सहज दोन हजाराच्या वर जाते, आणि टोळीतले बाकीचे नाराज होतात कारण गाडी भरायला दोन हात कमी पडले. पाळी दर महिन्याला येते. त्या दिवसांत जास्त जात असेल, पोटात कळा येत असतील तर पाच महिन्यांत असे किती दिवस जातील ते तुम्हीच मांडा.

पेपरात तेव्हा असं आलं की मुकादम पिशवी काढायला लावतात. कुठे कोणी तसं बोललंही असेल. पण माझ्या बघण्यात बहुतेक वेळा तोंडाने सांगायची गरजच नसते, खाड्याचा दर सगळं सांगतो. म्हणून एखादा वाईट मुकादम शोधून त्याच्यावर गुन्हा टाकला म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नका. तोही कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून ॲडव्हान्स घेऊन अडकलेला असतो आणि टोळी पळाली तर त्याची जमीन जाते.

उसाच्या फडातलं राहणं कसं असतं तेही तुम्ही एकदा हंगामात जाऊन बघाच. पाचटाची नाहीतर प्लास्टिकच्या कागदाची कोप, म्हणजे झोपडी, आत वाकून जायचं. पहाटे चारच्या आत उठणं, भाकरी बांधून घेणं, उजाडायच्या आत फडात. डोकी सेंटरला, म्हणजे जिथे डोक्यावरून वाहून ट्रक भरतात तिथे, असेल तर बाई तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, दिवसातून किती वेळा ते मोजत बसायला कोणाला वेळ नसतो. ट्रक रात्री आला तर रात्री भरायचा. संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाणी कॅनॉलचं नाहीतर मोटारीचं, मिळेल तसं. लघवीला जायची सोय नाही म्हणून बाया पाणीच कमी पितात, हे मला कितीतरी जणींनी सांगितलंय. त्यातून लघवीची जळजळ, वारंवार इन्फेक्शन. पाळीत कापड, ते धुवायला पाणी कमी आणि वाळत घालायला उन्हाची जागा नाही कारण चारचौघांत घालता येत नाही, मग ओलसरच परत वापरायचं. अंगावरून पांढरं जातं, वास येतो, ओटीपोट दुखतं, कंबर दुखते. यातलं बरंचसं आठवडा-दोन आठवड्यांच्या साध्या गोळ्यांनी बरं होणारं असतं, नवऱ्यालाही औषध दिलं तर पुन्हा होणं बरंच कमी होतं. पण कोर्स पूर्ण करायला आणि पुन्हा दाखवायला बाई एका जागी पाहिजे, आणि फड तर दर काही दिवसांनी हलतो.

म्हणून दुखणं साठत जातं आणि गावाकडे परत आल्यावर, एप्रिल-मे महिन्यात, ती दवाखाना गाठते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञाचं पद असतं, माणूस असेलच असं नाही, आणि तो असला तर भूलतज्ज्ञ नसतो. मग खासगी. तिथे सोनोग्राफी होते, पिशवीला सूज आहे, गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल असं सांगितलं जातं. कॅन्सर हा शब्द ऐकला की बाई विचार करायचं थांबते, तिच्या डोळ्यासमोर फक्त पोरं येतात. सगळे डॉक्टर असं करतात असं मी म्हणणार नाही. अंग बाहेर आलेलं असतं, फायब्रॉइड (पिशवीतल्या गाठी) मोठे असतात, रक्त इतकं जातं की हिमोग्लोबिन सहावर आलेलं असतं, अशा बाईला ऑपरेशन लागतं आणि ते झालंच पाहिजे. पण नुसत्या पांढऱ्या पाण्यासाठी, बायोप्सी नाही, व्हीआयए (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची साधी तपासणी) नाही, औषधाचा एक कोर्स नाही आणि थेट पिशवी, हा वैद्यकीय गुन्हा आहे आणि तो आमच्या व्यवसायातल्या लोकांनी पैशासाठी केलाय. हे लिहिताना मला त्रास होतो तरी लिहितो.

आणि बाई हो का म्हणते? कारण तिच्या मते पिशवीचं काम संपलेलं असतं. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन मुलं, बावीस-तेविसाव्या वर्षी कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ चं, बीडमध्ये २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, राज्याची सरासरी २२ च्या आसपास. आता इथे पुन्हा लोक म्हणणार अज्ञान. पण आई-बाप पाच महिने दीडशे कोसांवर, घरी म्हातारी आजी, आणि बारा-चौदा वर्षांची पोरगी गावात एकटी ठेवायची की फडावर परक्या माणसांत न्यायची, दोन्हीकडे तिची भीती. लग्न करून दिलं की जबाबदारी उतरली आणि सासरी एक नवा कोयताही तयार झाला. कायदा मोडणाऱ्या बापाला मी पाठीशी घालत नाही. मुलींचं हंगामी वसतिगृह खरोखर चालू असेल, तिथे रात्री राहणारी विश्वासाची बाई असेल आणि जेवण नीट मिळत असेल तर तोच बाप पोरगी ठेवतो, हे मी पाहिलंय. बालविवाह थांबवायचं सगळ्यात चांगलं औषध मला तरी वसतिगृहच वाटतं, भिंतीवरच्या घोषणा नाही.

मग ऑपरेशन होतं. पंचवीस-तीस हजार, कधी चाळीस हजार. हे पैसे कुठून येतात? उचलीतून! म्हणजे काम करता यावं म्हणून ऑपरेशन, आणि ऑपरेशनचे पैसे फेडायला परत काम. किमान सहा आठवडे, खरं तर तीन महिने जड उचलायचं नाही असं आम्ही डिस्चार्ज कार्डवर लिहितो. जूनमध्ये ऑपरेशन झालं की जुलैमध्ये खुरपणी आणि दसरा-दिवाळीला कोयता.

पुढची पायरी बहुतेक रिपोर्टांत येत नाही आणि मला तीच सगळ्यात जास्त खुपते. बऱ्याच जणींची पिशवीबरोबर अंडाशयंही काढलेली असतात, आणि कागदच नसल्याने तिला स्वतःला ते माहीत नसतं. बत्तिसाव्या वर्षी एकदम रजोनिवृत्ती. अंगातून वाफा येणं, झोप नाही, चिडचिड, सांधे धरणं, हाडं ठिसूळ होणं, पुढे हृदयाचा धोका. अंडाशयं ठेवली तरी काहींची ती वेळेआधीच काम थांबवतात. आधीच राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, त्यात हे. ती पहिल्यासारखी तोडू शकत नाही. अडीच टनाचे दोन टन होतात. मग बाकी वाढते, आणि जोडी पुरी पडावी म्हणून शाळेतली मुलगी नाहीतर नवी सून फडात येते. आजारपणाने गरिबी आणि गरिबीने आजारपण असं आपण परीक्षेत लिहितो, इथे ते एकाच घरात आई आणि मुलीच्या अंगावर दिसतं.

मग करायचं काय? २०१९ नंतर बीडमध्ये नियम झाला की जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगीत हे ऑपरेशन करायचं नाही. चांगला नियम आहे, त्याने वचक बसला. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सगळ्या राज्यांना अनावश्यक हिस्टरेक्टॉमी, म्हणजे पिशवी काढायची ऑपरेशनं, रोखायच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं, ते प्रकरण बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या बायकांचं होतं, म्हणजे हे फक्त उसाचं दुखणं नाही, जिथे बाई गरीब आणि खासगी दवाखाना मोकाट तिथे हे होतं. पण परवानगीने फक्त शेवटचं दार बंद होतं. पांढरं पाणी, कंबरदुखी, खाडा, उचल सगळं तिथेच आहे, आणि जिला काढायचीच आहे तिला शेजारचा जिल्हा एका एसटीच्या अंतरावर आहे.

यावर विचार करायचा असेल तर फार लांब जायला नको, आष्टी-पाटोद्याला लागूनच जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे आले, तेव्हा त्या भागात हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. त्यांनी गावकऱ्यांना विचारलं काय पाहिजे, लोकांनी दवाखाना नाही सांगितला, पाणी आणि खायला सांगितलं. मग हातपंप आले आणि ते बरेचसे दलित वस्तीत बसवले गेले, पाण्यासाठी बाकीच्यांना तिथे यावं लागलं. एका बोअरने जुलाब कमी झाले आणि अस्पृश्यतेलाही धक्का बसला. गावातल्याच निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं, त्यात दलित बायका होत्या, टाकलेल्या बायका होत्या, आणि पुढे त्यांनी गावातली बाळंतपणं सांभाळली. बालमृत्यू काही वर्षांतच झपाट्याने खाली आला. हाच बालाघाट, हाच दुष्काळ. फरक एवढा की तिथे आजाराच्या मागे जे होतं तिथे हात घातला.

ऊसतोडीत तसा हात कुठे घालायचा? माझं मत विचाराल तर पहिला खाडा. आजारपणाचा आणि पाळीचा खाडा बंद, हे करारात लिहून आलं पाहिजे. अवघड आहे कारण कागदावर ही माणसं कारखान्याची कामगारच नाहीत, हजेरीपटावर नाव नाही, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) नाही, पीएफ नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, गाळपाच्या टनामागे कारखान्यांकडून १० रुपये घ्यायचं ठरलं, तो पैसा आहे. त्यातून प्रत्येक सेंटरवर फिरतं शौचालय, पाण्याचा टँकर आणि आठवड्यातून एकदा नर्स एवढं जरी झालं तरी माझ्या अंदाजाने ओपीडीतल्या निम्म्या तक्रारी कमी होतील. टोळीतल्याच एका बाईला औषधाची पेटी आणि ट्रेनिंग द्या, ती फडाबरोबर हलते, गावातली आशा कार्यकर्ती हलू शकत नाही. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये ऊसतोड कामगारांच्या किडन्या तरुण वयात निकामी होत होत्या, तिथे पाणी, सावली आणि ठरलेली सुट्टी कामाच्या वेळापत्रकात घातल्यावर किडनीची इजा कमी झालेली दिसली. कामाची रीत बदलली. आता हार्वेस्टर, म्हणजे ऊस तोडायची यंत्रं, वाढतायत, त्याने हे काम कमी होईल, पण गावात दुसरं काम नसेल तर तीच बाई वीटभट्टीवर जाईल आणि तिथेही उचलच आहे.

तुमच्या प्रोजेक्टचं. प्रश्नावलीत पिशवी का काढली हा प्रश्न पहिला ठेवू नका, पाठ झालेलं उत्तर मिळेल की खराब होती. आधी विचारा यंदा उचल किती, बाकी किती पुढच्या वर्षावर गेली, मागच्या हंगामात किती खाडे पडले आणि का. मग लग्न कधी झालं, मुलं कधी. मग दुखणं कधी सुरू झालं, पहिल्यांदा कुठे दाखवलं, किती दिवसांच्या गोळ्या, ऑपरेशनआधी कोणत्या तपासण्या, कागद आहेत का, पैसे कुठून आणले, ऑपरेशनच्या कितव्या दिवशी कामाला लागल्या. ज्यांनी काढली नाही अशा त्याच वयाच्या बायकाही घ्या, आणि गावातल्या न जाणाऱ्या घरातल्याही, नाहीतर तुलना कशाशी करणार. नवऱ्यासमोर आणि मुकादमाच्या ओट्यावर बसून हे विचारू नका. गावात मे-जूनमध्ये दुपारी बाया जरा मोकळ्या असतात. फडावर गेलात तर गाडी भरून गेल्यावरच बोला, कामात अडवलंत तर त्यांचं नुकसान तुमच्यामुळे होईल. आणि बोलताना कोणाला अंगावरून जाण्याचा, लघवीचा त्रास निघाला तर नुसतं लिहून घेऊन येऊ नका, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा म्हणजे त्या दिवशीच तिला पाठवता येईल.